सेनेका फॉल्सचा पुनराभिनय : काय पुन्हा घडते आणि काय घडत नाही

इतिहासातला एखादा प्रसंग लोकांनी एकत्र येऊन, शक्य असेल तर त्याच जागी, पुन्हा करून दाखवणे याला या टिपणात 'पुनराभिनय' म्हटले आहे. शब्द जरा जड आहे, पण गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. दर वर्षी रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर लोक जातात आणि ओंजळीने पाणी पितात. २००५ मध्ये दांडीयात्रेच्या पंचाहत्तरीला साबरमतीहून पुन्हा पदयात्रा निघाली. ३ जानेवारीला महाराष्ट्रातल्या शाळांत मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून सावित्रीबाई होतात. या सगळ्यांची जात एक आहे, प्रत मात्र एक नाही. प्रत कशी ठरवायची, हा आपला प्रश्न. त्यासाठी मी एक परदेशी उदाहरण घेतो, कारण त्याचे कागद, जागा आणि स्मरणाचे प्रकार यांची माहिती चांगली उपलब्ध आहे, आणि दुसरे म्हणजे त्यात आपली भावना आधीपासून गुंतलेली नाही. टीका शिकताना दुसऱ्याच्या देव्हाऱ्यापासून सुरुवात केलेली सोपी जाते. आपल्या देव्हाऱ्याकडे शेवटी येऊच.

आधी मूळ प्रसंग. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या गिरण्यांच्या छोट्या गावात १९ आणि २० जुलै १८४८ रोजी स्त्रियांच्या हक्कांसाठी एक सभा भरली. दहा दिवस आधी, ९ जुलैला, शेजारच्या वॉटर्लू गावी जेन हंट यांच्या घरी चहाला पाच जणी जमल्या होत्या : यजमानीण जेन हंट, एलिझाबेथ कॅडी स्टँटन, ल्युक्रेशिया मॉट, त्यांची बहीण मार्था राइट आणि मेरी ॲन मक्लिंटॉक. तिथेच सभेचे ठरले आणि गावच्या वर्तमानपत्रात सूचना दिली गेली. मसुदा मक्लिंटॉक यांच्या घरातल्या एका गोल टेबलावर झाला. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा साचा त्यांनी उचलला आणि इंग्लंडच्या राजाच्या जागी 'पुरुष' बसवला. राजाने वसाहतींवर काय काय अन्याय केले त्या यादीऐवजी पुरुषाने स्त्रीवर काय काय अन्याय केले त्याची यादी. लग्न झालेली स्त्री कायद्याच्या दृष्टीने मेलेली, तिची मजुरी तिची नाही, घटस्फोटात मुले तिची नाहीत, महाविद्यालयाची दारे बंद, आणि जे कायदे तिला लागू आहेत ते करण्यात तिचे मत नाही. या मसुद्याला 'भावनांचा जाहीरनामा' असे नाव दिले गेले.

वेस्लियन चॅपेल नावाच्या प्रार्थनामंदिरात सुमारे तीनशे माणसे जमली. सकाळी दाराला कुलूप होते, म्हणून स्टँटनबाईंच्या छोट्या भाच्याला खिडकीतून आत सोडून दार उघडावे लागले. पहिला दिवस फक्त स्त्रियांसाठी जाहीर केलेला, तरी काही पुरुष आलेच. त्यांना बसू दिले, बोलायचे नाही या अटीवर. दुसऱ्या दिवशी सर्वांसाठी सभा होती. तिचे अध्यक्षपद मात्र स्त्रियांच्या या सभेतही एका पुरुषाकडे, जेम्स मॉट यांच्याकडे गेले. स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेचे अध्यक्षपद स्त्रीने घ्यावे ही गोष्ट आयोजक बायकांनाच पेलवत नव्हती. दोनच आठवड्यांनी रॉचेस्टरच्या सभेत ॲबिगेल बुश अध्यक्ष झाल्या, तेव्हा या सभेतल्या काही जणींनी त्यालाही आधी विरोध केला.

ठराव मांडले गेले. त्यांपैकी एकच एकमताने मंजूर झाला नाही : नववा, मताधिकाराचा. मतांची मागणी केली तर लोक हसतील आणि बाकीच्या मागण्याही बुडतील, ही भीती खुद्द ल्युक्रेशिया मॉट यांना होती. गुलामीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस तिथे होते. ते स्टँटनबाईंच्या बाजूने उभे राहून बोलले आणि ठराव निसटत्या बहुमताने पार पडला. जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. स्त्रियांच्या सह्या आधी, पुरुषांची यादी वेगळ्या शीर्षकाखाली. एलिझाबेथ यांचे पती हेन्री स्टँटन यांचे नाव या यादीत नाही.

कागदात काय उरले

पुनराभिनयाची परीक्षा करताना पहिला प्रश्न विचारायचा तो संहितेचा. या लोकांच्या हातात आहे काय?

सभेचा अहवाल डग्लस यांच्या 'नॉर्थ स्टार' वृत्तपत्राच्या छापखान्यात रॉचेस्टरला छापला गेला. त्यात जाहीरनामा आहे, ठराव आहेत, सही करणाऱ्यांची नावे आहेत. पण नवव्या ठरावावरचा वाद शब्दशः नाही. डग्लस नेमके काय बोलले, मॉट कोणत्या शब्दांत नको म्हणाल्या, विरोधात हात वर करणारे कोण, हे कुणी लिहून ठेवले नाही. सह्यांचा मूळ कागदही आज सापडत नाही. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने तो शोधण्यासाठी लोकांना आवाहन केले होते. टेबल उरले आहे, ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणजे ज्यावर मसुदा लिहिला ते लाकूड आहे, ज्यावर सह्या झाल्या तो कागद नाही.

याचा परिणाम प्रयोगावर होतो. सेनेका फॉल्समध्ये दर जुलैत स्मरणोत्सव भरत आला आहे आणि त्यात सभा पुन्हा उभी केली जाते. अशा प्रयोगात जे लिहिलेले आहे ते वाचले जाते, आणि जाहीरनामा वाचायला उत्तम आहे. लय आहे, आवाज चढवायला जागा आहे. त्यामुळे प्रयोगाचा कळस वाचन आणि सह्या हा होतो. पाहुण्यांनाही सही करायला बोलावले की सगळे खूश. ज्या अर्ध्या-एक तासात ही सभा मोडूही शकली असती, त्या तासाची संहिता नाही, म्हणून तो तास प्रयोगात आक्रसतो. डग्लस झालेला नट दोन मिनिटे बोलतो, टाळ्या पडतात, ठराव मंजूर. जणू मंजूर होणारच होता.

माझा मुख्य आक्षेप हा आहे. पुनराभिनयात निकाल आधी माहीत असतो आणि त्यामुळे प्रसंगातली अनिश्चितता निघून जाते. अनिश्चितता गेली की धैर्यही दिसेनासे होते, कारण जे होणारच होते त्याला धैर्य कशाला लागते?

इथे माझ्या विषयातले एक उदाहरण देतो, कंटाळा करू नका. धरणाच्या सांडव्याची छोटी प्रतिकृती करून तिच्यातून पाणी सोडून पाहतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात हे काम अनेक दशके चालू आहे. नवख्या विद्यार्थ्याला वाटते, सगळी मापे पन्नासपट लहान केली की झाली प्रतिकृती. तसे होत नाही. मापे जुळली की भौमितिक साधर्म्य मिळते. पण पाणी खऱ्या धरणात जसे वागेल तसे प्रतिकृतीत वागायला बलांचे एकमेकांशी असलेले प्रमाणही जुळावे लागते, याला गतिक साधर्म्य म्हणतात. ते नसेल तर प्रतिकृती दिसायला हुबेहूब आणि निष्कर्ष चुकीचे.

पुनराभिनयात बॉनेट, लांब झगे, मेणबत्त्या, लाकडी बाक हे भौमितिक साधर्म्य. मूळ माणसांवर जी बले काम करत होती, म्हणजे नवऱ्याचा राग, चर्चमधली कुजबुज, वर्तमानपत्रातली टिंगल, ती आणली तर गतिक साधर्म्य. स्टँटनबाईंनी नंतर लिहिले आहे की वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवायला सुरुवात केल्यावर सही केलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी आपली नावे मागे घेतली. सह्या मागे घेण्याचा प्रवेश प्रयोगात घातला तर लोक अस्वस्थ होऊन घरी जातील. तसे गेले तर मला हरकत वाटत नाही.

जागेचे भोग

त्या चॅपेलची कथा वेगळी सांगण्यासारखी आहे. १८४३ मध्ये बांधलेली इमारत मंडळीने १८७१ च्या सुमारास विकली. पुढे तिथे नाटकगृह झाले, चाकाच्या बुटांवर घसरण्याची जागा झाली, चित्रपटगृह झाले, मोटारींचे दुकान झाले, आणि शेवटी नाणे टाकून कपडे धुण्याची यंत्रे बसली. १९८० मध्ये कायद्याने राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले तेव्हा मूळ इमारतीतले फार थोडे शिल्लक होते : भिंतींचे काही भाग आणि छपराचे काही वासे. १९९३ मध्ये उद्यानाने धाडस केले. नंतरचे सगळे काढून जेवढे अस्सल तेवढेच उघड्यावर ठेवले, आणि शेजारी जाहीरनामा कोरलेली एक लांब दगडी भिंत उभारली, तिच्यावरून पाणी वाहते. गावकऱ्यांना आणि पाहुण्यांना ते उघडेबोडके अवशेष फारसे रुचले नाहीत, शिवाय ऊनपाऊस आणि बर्फ यांनी उरलेसुरलेही झिजू लागले. २०११ पर्यंत इमारत पुन्हा चारी बाजूंनी बंद करून घेतली गेली. आता तिथे बाक टाकून सभा भरवता येते.

मला १९९३ ची रचना अधिक प्रामाणिक वाटते. सोयीची दुसरी आहे. उघड्या भिंती पाहणाऱ्याला विचारत होत्या की इथे काय होते ते तुम्ही का विसरलात. बंद इमारत सांगते की हे पाहा, इथे असे होते. पुनराभिनयाला छप्पर मिळाले, पण विसरण्याचा इतिहास छपराआड गेला. स्त्रियांच्या चळवळीच्या जागेवर शंभर वर्षे कुणीही काहीही थाटले, ही त्या चळवळीच्याच इतिहासातली गोष्ट आहे आणि ती कपडे धुण्याच्या यंत्रांसह सांगायला हवी.

स्मरणाचाही इतिहास असतो

आता थोडे मागे जाऊ. सेनेका फॉल्स ही 'सुरुवात' कधी ठरली? १८४८ मध्ये तिथल्या लोकांना आपण सुरुवात करतो आहोत असे पूर्णपणे वाटत नव्हते. गुलामीविरोधी चळवळीत स्त्रिया आधीपासून बोलत होत्या, आणि पहिली राष्ट्रीय पातळीवरची सभा १८५० मध्ये वूस्टरला भरली. लिसा टेट्रॉल्ट या इतिहासकार बाईंनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे की सेनेका फॉल्सची मूळकथा यादवी युद्धानंतर, चळवळीत फूट पडल्यावर घडवली गेली. कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणाऱ्या पंधराव्या दुरुस्तीला पाठिंबा द्यायचा की नाही यावरून १८६९ मध्ये दोन संघटना झाल्या. एकीत स्टँटन आणि सुझन अँथनी, दुसरीत ल्युसी स्टोन. आपलाच प्रवाह मूळ प्रवाह आहे हे सांगायला पहिल्या गटाला एक जन्मस्थान उपयोगी पडले. मग १८७३ मध्ये पंचविसावा वाढदिवस, १८७८ मध्ये तिसावा, १८८१ पासून चळवळीच्या इतिहासाचे जाडजूड खंड. गंमत अशी की सुझन अँथनी १८४८ च्या सभेला नव्हत्याच. त्यांची आणि स्टँटनबाईंची ओळख १८५१ मध्ये झाली. तरी आज कुणालाही विचारा, सेनेका फॉल्समध्ये कोण होते, पहिले नाव अँथनींचे येते. त्या दोघींच्या पहिल्या भेटीचा पुतळाही त्याच गावात उभा आहे, त्यामुळे गोंधळ वाढायला मदतच होते.

१८८८ चा चाळिसावा वर्धापन आपल्याला जवळचा आहे. त्या निमित्ताने वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय स्त्री परिषद भरली, जुने कार्यकर्ते व्यासपीठावर बसवले गेले, वृद्ध डग्लस बोलले. १८४८ मध्ये आपण त्या ठरावाला पाठिंबा देण्याइतके शहाणे होतो याचे समाधान त्यांनी व्यक्त केले. भारतातून आलेल्या पंडिता रमाबाई त्या परिषदेत होत्या. पुढच्या वर्षी त्यांचे अमेरिकेविषयीचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर एक आख्खे प्रकरण आहे. म्हणजे हे स्मरण ज्यांनी समोर बसून पाहिले त्यांच्यात एक मराठी लेखिका होती. १८४८ मध्येच पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, यावरून पुष्कळ भाषणे होतात. पण एकच साल असणे हा योगायोग आहे, नाते नव्हे. खरी नाती हवी असतील तर ती अशी शोधावी लागतात : रमाबाईंची ही हजेरी, किंवा जोतीरावांनी १८७३ चे 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केले ही गोष्ट.

१९२३ चा पंचाहत्तरावा वर्धापन तर उघडउघड राजकीय होता. १९२० मध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीने मताधिकार मिळाला होता. सही केलेल्या शंभरांपैकी शार्लट वुडवर्ड ही एकटीच तो दिवस पाहायला उरली होती, हातमोजे शिवून पोट भरणारी त्या वेळची तरुण मुलगी; आणि मतदानाच्या दिवशी आजारपणामुळे तिलाही मत देता आले नाही. १९२३ च्या जुलैत ॲलिस पॉल यांच्या नॅशनल वुमन्स पार्टीने सेनेका फॉल्सला येऊन समान हक्कांच्या घटनादुरुस्तीची मागणी जाहीर केली आणि हेझल मॅकाय यांनी झेंडे, मिरवणूक, सामूहिक हालचाली असलेला भव्य देखावा बसवला. या देखाव्याला कुणी प्रचार म्हणेल. मी म्हणतो, हाच त्यातला सर्वांत जिवंत पुनराभिनय. कारण त्यात एक मागणी अशी होती जिचा निकाल कुणालाच माहीत नव्हता. ती दुरुस्ती काँग्रेसमध्ये मंजूर व्हायला १९७२ उजाडले, आणि राज्यांच्या मान्यतेचा घोळ अजून संपलेला नाही.

जे तेव्हा नव्हते त्यांचे काय करायचे

सेनेका फॉल्सच्या सभेत कृष्णवर्णीय स्त्री होती अशी नोंद नाही. डग्लस हे एकटे कृष्णवर्णीय उपस्थित म्हणून माहीत आहेत. आज प्रयोग बसवताना भूमिका वाटायची वेळ येते आणि गावातल्या सर्व वर्णांच्या बायका उत्साहाने पुढे येतात, तेव्हा काय करावे? सगळ्यांना बाकावर बसवले तर प्रेक्षकाला वाटेल की ही सभा सर्वांची होती. न बसवले तर १८४८ चे वगळणे आपण दुसऱ्यांदा करतो. ही अडचण भूमिकावाटपाच्या चातुर्याने सुटत नाही.

१९१३ चे उदाहरण इथे उपयोगी आहे. ३ मार्च १९१३ रोजी, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी हजारो स्त्रियांची मिरवणूक निघाली. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे, असे सुचवले गेले. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी नकार दिला. मिरवणूक चालू झाल्यावर त्या गर्दीतून पुढे येऊन आपल्या इलिनॉयच्या तुकडीत सामील झाल्या. हॉवर्ड विद्यापीठातल्या, नुकत्याच स्थापन झालेल्या डेल्टा सिग्मा थीटा या विद्यार्थिनी संघटनेच्या मुलीही त्या मिरवणुकीत होत्या. शंभर वर्षांनी, ३ मार्च २०१३ रोजी, त्याच संघटनेने वॉशिंग्टनमध्ये शताब्दीची पदयात्रा काढली, आणि या वेळी मागे चालायला सांगणारे कुणी नव्हते. हा नक्कल म्हणून चुकीचा, पण पुनराभिनय म्हणून मला अगदी नेमका वाटतो. मूळ प्रसंगातली जखम कुठे आहे हे ठाऊक असलेल्यांनीच तो केला. दांडीयात्रेची १९३० ची मूळ तुकडी पूर्ण पुरुषांची होती, आणि त्याबद्दल तेव्हाच स्त्रियांनी तक्रार केली होती. दांडीची आठवण काढताना ही तक्रार कितींना आठवते?

सेनेका फॉल्सच्या बाबतीत आणखी एक गैरहजेरी आहे. तो सगळा प्रदेश मूळचा हॉडनोशॉनी लोकांचा, ज्यांच्यात कुळाच्या आया सरदार नेमत आणि काढतही. ल्युक्रेशिया मॉट सभेच्या थोडेच आधी त्यांच्यातल्या सेनेका लोकांच्या वस्तीत राहून आल्या होत्या. गावाच्या नावातच ज्यांचे नाव आहे त्यांचा प्रयोगात पत्ता नसावा, हे वेशभूषेवर एवढी मेहनत घेणाऱ्यांना शोभत नाही.

आमचा वर्ग

हे सगळे मी कागदावरून म्हणत आलो. दोन वर्षे वर्गात करून पाहिले तेही सांगतो. आमच्याकडे अभियांत्रिकीच्या मुलांना एक मानव्य विषय घ्यावा लागतो आणि कुणीच नको म्हटले की तो माझ्याकडे येतो. पहिल्या वर्षी सेनेका फॉल्सची सभा बसवली. चिठ्ठ्या काढून भूमिका दिल्या, कुणीतरी आजीची शाल आणली, यंत्र विभागातल्या एका मुलाने डग्लस छान केला. नववा ठराव आला आणि साठच्या साठ हात वर. कुणाला मॉट व्हायचेच नव्हते. चुकीच्या बाजूला कोण उभे राहील? तास संपला, फोटो निघाले. त्या तासाला कुणी काही शिकले असे मला वाटत नाही, मीसुद्धा.

दुसऱ्या वर्षी शाली बाद केल्या. जाहीरनामा वाचून झाल्यावर नववा ठराव बदलला : मुलींच्या वसतिगृहाचे दार रात्री ज्या वेळी बंद होते त्याच वेळी मुलांचेही व्हावे, किंवा दोन्हीही उघडी राहावीत. देशात अनेक ठिकाणी विद्यार्थिनींनी हा प्रश्न उचललेला आहे, तो नवा नव्हता. हात पुन्हा सगळ्यांचे वर. मग मी म्हणालो की आता सह्या, पूर्ण नावाने, आणि कागद सूचनाफलकावर लागेल.

वर्ग शांत झाला. एकीने विचारले, "सर, फलकावर म्हणजे वॉर्डनबाईंना दिसेल?" दिसेल. "आणि घरी फोन गेला तर?" जाऊ शकतो. ठरावाच्या विरोधात असलेली मुले इतका वेळ गप्प होती ती आता बोलू लागली, आणि त्यांतल्या दोन मुली होत्या. एक म्हणाली, वेळेची मागणी केली तर ग्रंथालय रात्री उघडे ठेवण्याची जी मागणी मान्य होत आली आहे तीही जाईल. तिने मॉटबाईंचे नाव वाचलेले नव्हते, पण युक्तिवाद तोच, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. एका मुलाने सही करून कागद पुढे सरकवला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "तुला काय जातंय?" पुरुषांची यादी वेगळ्या शीर्षकाखाली का, हे मला समजावून सांगावे लागले नाही.

सव्वीस सह्या झाल्या, त्यांत मुलींच्या अकरा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी येऊन म्हणाली, सर, माझे नाव खोडता का. मी खोडले. कारण विचारले नाही.

तासाच्या शेवटी कुणीतरी विचारले होते, "सर, तुमची सही?" मी म्हणालो, मी अध्यक्ष आहे, अध्यक्षाने तटस्थ राहावे. घरी जाऊन यादी पुन्हा पाहिली. जेम्स मॉटही अध्यक्ष होते. त्यांची सही आहे.

या प्रयोगावरही आक्षेप घेता येतात आणि घ्यावेत. मुलांना न विचारता मी त्यांना खऱ्या जोखमीत ढकलले का? ढकलले. शिक्षकाने असे करावे का? मला अजून खात्री नाही. पुढच्या वर्षी कागद फलकावर लावायचा की नाही हे मुलांनाच आधी ठरवू देणार आहे. जोखीम नसेल तर पुनराभिनय स्नेहसंमेलन होतो आणि जोखीम लादली तर तो पुनराभिनय उरत नाही. मूळ सभेतल्या लोकांनी ती स्वतः पत्करली होती.

आपला देव्हारा

आता ३ जानेवारी. शाळेतली सावित्रीबाई बहुधा एकाच प्रसंगात भेटते. ती शाळेला निघाली आहे, कडेची माणसे शेणाचे गोळे फेकतात, ती पिशवीतले दुसरे लुगडे नेसते आणि शिकवू लागते. आठवणींतून आलेला हा प्रसंग रंगमंचाला फार सोयीचा आहे : वाईट लोक, चांगली बाई, बदललेले वस्त्र. पण शेण फेकणारे म्हणून जी मुले उभी केली जातात त्यांना कुणी विचारते का, की तू का फेकतोस? तुला काय गमावण्याची भीती आहे? मूळ माणसे राक्षस नव्हती, शेजारी होती. सासऱ्यांनी जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढले तेही दडपणाखाली, आणि घराबाहेर पडल्यावर त्यांना आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्या घरी. हा प्रवेश स्नेहसंमेलनात क्वचितच दिसतो, कारण त्यात फेकायला काही नाही, नुसते एक दार उघडते.

सुषमा देशपांडे यांचा 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग मला या बाबतीत वेगळा वाटतो. त्यात सावित्रीबाई स्वतः समोर बसलेल्यांशी बोलते. गर्दी नसते, त्यामुळे गर्दीचे काम प्रेक्षकाकडे येते, आणि आपण तेव्हा कुठल्या बाजूला उभे असतो हे ज्याचे त्याला चाचपावे लागते.

भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी. त्याआधी कित्येक वर्षे तिथे दुकाने होती, वर मोडके लाकूड होते, आणि न्यायालयात खटला चालू होता. स्मारक झाले की तिथे शाळेचा वर्ग उभारला जाईल, बाहुल्या बसतील, कदाचित ३ जानेवारीला मुली येऊन पहिला दिवस पुन्हा करतील. त्या संहितेत दुकानांचा आणि खटल्याचा एखादा प्रवेश असावा. आणि पहिल्या दिवशी ज्या मुलींना आईबापांनी पाठवले नाही, त्यांच्यासाठी काही बाक रिकामे ठेवावेत.